ताण घेणारी लाइन

आमच्या कार्डिफच्या घरात मासे येत नाहीत, पण मासे धरायची लाइन येते. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच येते, मी पोळ्या लाटते तिथून हातभर अंतरावर. नवऱ्याने लाइन गुंडाळलेलं नवीन स्पूल आणलं की तो हाक मारतो, "अगं, जरा धरायला ये." मग मी स्पूलच्या भोकातून पेन्सिल घालायची, ती डाव्या हातात आडवी धरायची आणि उजव्या हाताच्या चिमटीत ओल्या फडक्यातून लाइन सरकू द्यायची. तो समोर बसून रिळाचा दांडा फिरवतो. चिमूट ढिली पडली तर लाइन रिळावर सैल बसते आणि पुढच्या फेकीला तिचा गुंता होतो. असा गुंता झाला की तो घरी येऊन माझ्या हातांकडे बघतो.

दांडा फिरवताना तो शिकवतो. सर्जन होता, आयुष्यभर पाठीमागे विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन वॉर्डातून फिरला. आता निवृत्त झालाय, घोळका गेला, मी उरले. मीही डॉक्टरच, मुलांची, आणि मीही निवृत्त झालेय, पण टेबलाच्या त्या बाजूला बसलं की मला काही येत नाही असं धरून चालायचं असतं. तर त्याच्याकडून ऐकून ऐकून मला हे पाठ झालंय: क्रँकबेट म्हणजे प्लॅस्टिकचा खोटा मासा, त्याच्या हनुवटीला एक पारदर्शक जीभ असते. लाइन ओढली की ती जीभ पाणी कापते, त्यामुळे तो खोटा मासा खाली बुडी मारतो आणि अंग हलवत पोहतो. पोटाखाली दोन छोटे तीनतोंडी गळ लटकत असतात. इथले लोक त्याला प्लग म्हणतात. माझा नवरा अमेरिकन व्हिडिओ बघून शिकला म्हणून तो क्रँकबेट म्हणतो. बास नावाचा मासा भुकेने किंवा रागाने त्याच्यावर झडप घालतो. मग बासला ओढत आणायचं, पकडीने तोंडातला गळ काढायचा, दोन हातांवर आडवा धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"मी मारत नाही," तो सगळ्यांना सांगतो. "आम्ही शाकाहारी आहोत."

एखाद्याच्या ओठात गळ रुतवून त्याला फरफटत आणायचं, त्याचा श्वास कोंडेपर्यंत त्याच्याबरोबर हसायचं आणि मग सोडून द्यायचं, याला माझ्या घरात अहिंसा म्हणतात. मासा खाणारी मी मात्र हिंसक. हे मी त्याला बोलून दाखवलंय. तो म्हणतो, "तू ना, कुठलीही गोष्ट कुठेही नेतेस."

मी अलिबागकडची. आमच्याकडे जिताडा हा मासा नसतो, मान असतो. नवा जावई पहिल्यांदा घरी जेवायला येणार म्हटलं की सासरा आठवडाभर आधीपासून शेततळ्यावाल्यांच्या मागे लागतो. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे, कुणापुढे शब्द टाकणं त्यांच्या जिवावर यायचं, पण जिताड्यासाठी त्यांनी टाकला. मी त्यांना आधी सांगितलं होतं की हा खात नाही. आम्ही मुंबईत एकत्र शिकलो होतो, लग्न आमचं आम्ही ठरवलं होतं, तो कुठल्या घरातला आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. वडील म्हणाले, "डॉक्टर आहे, चार लोकांत वावरतो, खाईल थोडं." त्यांना वाटलं, एवढा मोठा मासा बघितल्यावर कोण नाही म्हणेल.

तो नाही म्हणाला. चांगल्या शब्दांत म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याने तुकडे बघितले आणि बाहेर ओटीवर जाऊन बसला. आईने घाईघाईने बटाट्याची भाजी टाकली, शेजारून श्रीखंड मागून आणलं. वडिलांनी जिताड्याचं पातेलं झाकून शेजारच्या घरी पाठवून दिलं, आमच्याही ताटात पडू दिलं नाही. जावयासमोर बरं दिसणार नाही म्हणाले. शेजारच्यांचं जेवण होईपर्यंत भिंतीपलीकडून वास येत होता. 

इथे आल्यावर पहिली काही वर्षं आमचं दोघांचं बरं चाललं होतं. मी माझ्यापुरता मासा करायचे, तो समोर बसून वरणभात खायचा, कधी माझ्या हाताला वास येतो म्हणून चिडवायचा. मग सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. हीथ्रोवर त्यांना घ्यायला जाताना गाडीत तो म्हणाला, "आई आहे तोवर घरात नको हं." मी हो म्हटलं. सासूबाई वाईट नव्हत्या. हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही, माझ्या नाइट ड्यूट्यांत मुलीला त्यांनीच वाढवलं. त्यांच्यासमोर मी त्याला अहो म्हणायचे आणि त्या झोपल्या की अरे. माशाचंही तसंच झालं. शुक्रवारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पीठ लावून तळलेला पांढरा मासा मिळायचा, त्याला स्वत:ची अशी चव नसायची, तो मी खायचे. कधी कधी सार्डिनचा डबा घेऊन कार पार्कमध्ये गाडीत बसायचे, खिडकी खाली करायचे, आणि प्लॅस्टिकच्या काट्याने खायचे. एक कन्सल्टंट बाई गाडीत लपून मासे खातेय. माझ्या हाताखालच्या पोरींनी बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की घरी माझे हाल होतात.

सासूबाई पुष्कळ जगल्या. त्यांचं सगळं नीट झालं, मी केलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी थांबले. मग एका शनिवारी सिटी रोडवरच्या दुकानातून सुरमई आणली आणि तिखटमीठ लावून तळली.  त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. जानेवारी महिना होता. मग ओव्हरकोट घालून तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला, आणि बसण्याआधी त्याने आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. फोटोची माफी मागितल्यासारखी. मी टेबलाशी एकटी बसले होते, समोर सुरमई होती, आणि मला ती गिळवेना. रात्री तो एवढंच म्हणाला, "भांडी तीच आहेत ना गं. आईच्या वापरातली."

त्यानंतर मी घरात मासा केला नाही. मला कुणी मनाई केली नव्हती. मला मनाई केली असती तर मी भांडले असते. पण शेजारच्या खोलीत कोट घालून बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

आणि मग हा माणूस मासे पकडायला लागला.

आमच्या शेजारी एक वेल्श गृहस्थ राहतात, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली. त्यांनी याला एकदा गॉवरच्या किनाऱ्यावर नेलं. आला तो लहान मुलासारखा गाल लाल करून. पुढच्या आठवड्यात रॉड आला, मग रीळ आलं, मग खणाखणांची पेटी आली आणि तिच्यात रंगीत क्रँकबेट आली, हिरवी, चंदेरी, एक तर हळदीकुंकवाच्या रंगांचं. ज्या ओट्यावर सुरमईचा तवा चालला नाही त्याच ओट्यावर तो माशाच्या तोंडात जाऊन आलेले गळ साबणाने धुवायला लागला. मी म्हटलं, "हे चालतं का आईंच्या ओट्यावर?" तो म्हणाला, "हे काय खायचं आहे का?"

मुलगी लंडनजवळ पिनरला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, बाबा लिटरली सी बास पकडतोय आणि तू घरी फ्रोझन भेंडी खातेस. दॅट्स मॅड. तू जस्ट सांग ना त्याला, एक घरी घेऊन ये. तुझी प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम सांगितला असता तर तिला कळला नसता. बास विकत मिळतो, सुपरमार्केटात साफ करून, काटे काढून मिळतो. विकत आणणं हा प्रश्न नव्हताच. मला तो मासा त्याच्या हातून हवा होता. मनाई त्याने तोंडाने केली नव्हती, त्यामुळे ती तोंडाने उठवताही येणार नव्हती. त्याने स्वत:च्या हाताने एक मासा या घराच्या दारातून आत आणून ओट्यावर ठेवला की ती आपोआप उठणार होती. बाकी मला त्या माशाचं एवढं काही नव्हतं. नाही, हेही खोटं. माशाचंही होतं. पहिला फोटो बघितला तेव्हाच मी ओळखलं होतं, आमच्या जिताड्याचा हा गोरा चुलतभाऊ. तेच लांबट अंग, तेच मोठं तोंड, तीच खवल्यांची चांदी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मला माझी लाज वाटली.

तर मी त्याला सांगितलं. चहा पिताना, सरळ. "तुला मापाचा बास मिळाला तर एक माझ्यासाठी आण."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. आणतो एक."

"तू आणशील? तुझ्या हाताने?"

"हो गं. त्यात काय."

मापाचा मासा घरी न्यायला कायद्याची हरकत नसते, लहान मासा मात्र सोडावाच लागतो. आणि मापाचे मासे याच्या हाती लागत नव्हते. लागत म्हणजे, गळाला यायचे आणि अर्ध्या वाटेत सुटायचे. प्रत्येक वेळी घरी येऊन तो तीच हकिकत सांगायचा: झडप बसली, रॉड वाकला, माशाने डोकं झटकलं आणि लाइन हलकी झाली. शेजाऱ्यांना मिळायचे, याला नाही. आधी मी ऐकून सोडून द्यायचे. आता एकेक सुटलेला मासा माझ्या ताटातून उठून गेल्यासारखा वाटायला लागला. मी विचारायला लागले, कुठे सुटला, कसा सुटला, गळ कुठे लागला होता. त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, बायकोला छंदात रस वाटू लागला.

मी वाचलं. रात्ररात्र नाही, पण दुपारी तो झोपला की वाचायचे. आणि मला दिसलं की घोटाळा लाइनीत आहे. त्याने ब्रेडेड लाइन घेतली होती, बारीक धाग्यांची वीण घालून केलेली. ती केसासारखी बारीक असते आणि तुटता तुटत नाही. त्याने ती का घेतली हेही मला ठाऊक होतं. जन्मभर टाके घातले, विणीच्या धाग्याची गाठ सुटत नाही हे त्याच्या बोटांना पक्कं माहीत. दुकानात उभं राहून त्याने लाइनीला गाठ मारून ओढून बघितली होती, पोटाला टाके घालायचे असल्यासारखी, आणि समाधानाने मान हलवली होती. पण ब्रेडेड लाइन जराही ताणत नाही. क्रँकबेटचे गळ बारीक असतात. माशाने झडप घातली, याने दचकून रॉड मागे खेचला, की तो सगळा हिसका तसाच्या तसा माशाच्या ओठावर जातो आणि गळ ओठ फाडून बाहेर येतो. किंवा माशाने तोंड मिटायच्या आत क्रँकबेटच पुढे ओढलं जातं.

"मोनो घे," मी म्हटलं. मोनो म्हणजे साधी नायलॉनची एकसंध लाइन, जुनी, कुणी कौतुक न करणारी. "ती ताणते. हिसका ती खाते, माशाच्या तोंडाला कळत नाही."

"मोनो जाड असते," तो म्हणाला. "जाड लाइनीला पाणी अडतं, क्रँकबेट खोल जात नाही. आणि हाताला काही कळत नाही. ब्रेडेडवर मला तळाचा दगडन् दगड कळतो."

"तुला दगड पकडायचे आहेत का?"

हे त्याला झोंबलं. दोन दिवस लाइनीचा विषय निघाला नाही. मग तो म्हणाला की फ्लोरोकार्बन घेऊ, ती पाण्यात बुडते, त्यामुळे क्रँकबेट खोल नेते, माशाला दिसत नाही, खडकाला घासली तरी लवकर झिजत नाही. मी म्हटलं, ती कडक असते, रिळावरून भेंडोळी होऊन उसळते, मग माझ्या चिमटीला बोल लावशील. आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने तीन स्पूल आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, ज्याची त्याची आवड. माझा नवरा हातात ब्रेडेड घेऊन उभा, मी हातात मोनो घेऊन उभी, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. लग्नानंतर पडद्याच्या कापडावरूनसुद्धा आम्ही इतके भांडलो नव्हतो. मोनोतली जाड नाही, बारीकही नाही, मधली मी निवडली, क्रँकबेट बुडेल इतकी बारीक आणि मापाचा मासा ओढेल इतकी दणकट. शेवटी तो म्हणाला, "घे बाई. तुझ्या मनासारखं होऊ दे." दुकानदार गालात हसला.

आता कुणी म्हणेल की ताण सोसणारी लाइन या बाईने बरोब्बर निवडली, स्वत:वरूनच निवडली असेल. असल्या उपमा मला देऊ नयेत. मी लाइन निवडत होते, मासा मिळावा म्हणून. बाकी काही नाही.

सप्टेंबरात आम्ही तिघे गॉवरला गेलो, तो, शेजारी आणि मी. मी जाण्याला कारण होतं. आदल्या दिवशी मी ओलं खोबरं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर असं वाटप करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आमसुलं वाटीत काढून ठेवली होती. नवीन पातेलं आणलं होतं, आईंच्या वापरातलं नव्हे, दुकानातून कोरं. आणि निळा कूलबॉक्स बर्फाने भरून गाडीत ठेवला होता. कूलबॉक्स ठेवताना तो म्हणाला, "सँडविचला एवढा बर्फ?"  मला वाटलं, तो चेष्टा करतोय.

ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. खडक काळे, निसरडे, त्यांच्यामधून पाणी आत येत होतं. दोघं पुढे उभे राहून टाकत होते, मी मागे कोरड्या खडकावर कूलबॉक्सवर बसून होते. किती फेकी झाल्या कुणास ठाऊक. मग त्याचा रॉड वाकला. मी सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आता हिसका देईल म्हणून. त्याने दिलाच. पण लाइन ताणली. मला ती उन्हात दिसत होती, पाण्यातून निघून त्याच्या रॉडपर्यंत, ओली, ताठ, आणि तुटत नव्हती, सुटत नव्हती. माशाने डोकं झटकलं, पुन्हा झटकलं. तो मागे वळून मला म्हणाला, "जाळं." शेजारी जाळं घेऊन धावत होते, पण मी जवळ होते. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि जाळं माशाखाली घातलं.

मोठा होता. मापात बसण्याचा प्रश्नच नव्हता. खडकावर ठेवला तेव्हा त्याची पाठ शिसवी दिसत होती आणि कूस चांदीची, कल्ले हलत होते. क्रँकबेटचा मागचा गळ ओठाच्या कडेला नुसता अडकला होता, जरा जोर जास्त झाला असता तर सुटला असता. माझ्या बुटांत पाणी भरलं होतं. मला रडू येईल की काय असं वाटलं.

"हा तर ठेवण्यासारखा आहे," शेजारी म्हणाले. त्यांचं बोलणं इंग्रजीत, पण मी अर्थ सांगते. "घरी न्या. आयुष्यात असा एखादाच मिळतो."

माझा नवरा अजून धापा टाकत होता. इतका खूश मी त्याला मुलगी झाली त्या दिवसानंतर बघितला नव्हता. त्याने शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्हीच न्या," तो म्हणाला. "माझ्याकडून. तुम्ही नसता तर मी इथे आलोच नसतो. आमच्याकडे कुणी खात नाही."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात जाळं. "नक्की?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला विचारलं होतं.

"नक्की, नक्की," तो म्हणाला. "आम्ही शाकाहारी. थांबा, तुमच्याकडे बर्फ नाहीये ना? आमचा कूलबॉक्स घ्या. अगं, सँडविचेस काढ बाहेर."

मी सँडविचेस बाहेर काढली. त्या क्षणी मी काही बोलायला हवं होतं असं मुलगी नंतर म्हणाली. मला विचाराल तर बोलायचं होतं ते मी चहाच्या टेबलावर बोलले होते, सरळ, सोप्या मराठीत, आणि त्याने हो म्हटलं होतं. तेच परत त्या म्हाताऱ्या विधुरासमोर, त्यांच्या हातातला मासा काढून घेऊन, इंग्रजीत बोलायचं? मी माझ्या हाताने झाकण उघडलं. शेजाऱ्यांनी मासा बर्फावर ठेवला. शेपूट मावेना म्हणून जरा वाकवावी लागली.

परत येताना शेजारी त्यांच्या गाडीत, आम्ही आमच्या. स्वान्सी मागे पडलं. मग मी म्हटलं, "तू आणतो म्हणाला होतास."

"काय?"

"एक बास. माझ्यासाठी."

तो खरंच आठवायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं, ते असतं तर मला सोपं गेलं असतं. "अगं हो," तो म्हणाला. "पण तू अजून खातेस? मला वाटलं ते सुटलं तुझं. इतक्या वर्षांत कधी केला नाहीस ना घरी." थोड्या वेळाने म्हणाला, "पण तुझी लाइन भारी निघाली हं. मानलं तुला."

मला इतका राग आला की मोटरवेवरच्या पाट्या मला दिसेनात. तो राग अजून आहे. इतकी वर्षं मी सोसतेय असं मी समजत होते, आणि त्याच्या लेखी मी सोसतच नव्हते. त्याच्या लेखी माझी ती आवड सुटून गेली होती, आपोआप, केस पांढरे होतात तशी. माझ्या कार पार्कमधल्या डब्यांची, त्या सुरमईची, कशाचीच त्याच्याकडे नोंद नव्हती.

घरी वाटप होतं. ओलं खोबरं टाकून द्यायची मला सवय नाही. मी वांगी चिरली, कोऱ्या पातेल्यात वाटप परतलं, आमसुलं घातली. वास घरभर झाला, तोच, भिंतीपलीकडून आला होता तो, फक्त त्याच्यात मासा नव्हता. खिडक्या कुणी उघडल्या नाहीत. तो हातपाय धुऊन जेवायला बसला, आणि समुद्रावरची भूक होती, दोनदा घेतलं.

"काय केलंयस आज?" तो म्हणाला. "मस्त झालंय. कसलं वाटण हे?"

"जिताड्याचं."

त्याचा हात ताटात थांबला. सकाळी ज्या बोटांनी माशाच्या ओठातला गळ काढला होता तीच बोटं. "मासा नाहीये ना ह्यात?"

"नाही," मी म्हटलं. "मासा तू देऊन टाकलास."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग वाढ अजून थोडं," तो म्हणाला.

पातेलं त्याच्या हाताशीच होतं. मी माझं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी कूलबॉक्स परत करायला आले. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं की मासा अप्रतिम होता, बायको गेल्यापासून इतकं चांगलं ते जेवले नव्हते. त्यांचे डोळे पाणावले होते आणि मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. मग कूलबॉक्स माझ्या हातात देत ते हळू आवाजात म्हणाले, "काळजी करू नका. तुमच्या घरात चालत नाही हे मला माहीत आहे. ब्लीच टाकून दोनदा धुतलाय, वास राहिला नाहीये."

मी त्यांचे आभार मानले आणि दार लावलं. स्वयंपाकघरात येऊन झाकण उघडलं आणि आत नाक घातलं. त्यांनी खरंच नीट धुतला होता.